दीर्घकाळ आजारी मुलाची ऑनलाइन शाळा: कोणते काम आधी, कोणते नंतर

दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलासाठी ऑनलाइन शाळा सुरू करताना बहुतेक घरांत कामांचा क्रम उलटा होतो. आधी टॅब येतो, मग नेटचा वेग वाढवून घेतला जातो, शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे भिंतीवर चिकटते आणि मूल सकाळपासून दुपारपर्यंत पडद्यासमोर बसू लागते. पंधरवड्यात ते इतके थकते की वर्ग बंद पडतात आणि ‘त्याला अभ्यास झेपत नाही’ असा शेरा मारून विषय संपतो. खरे तर त्याला झेपलेला नसतो तो निरोगी मुलांच्या मापाने आखलेला दिवस. मुलाची ताकद आधी मोजायची, शाळेशी लेखी बोलणी त्यानंतर करायची आणि वेळापत्रक व साधने सर्वांत शेवटी ठरवायची, हा क्रम पाळला तर पुढच्या बऱ्याच अडचणी निर्माणच होत नाहीत.

ज्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे, परंतु कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, सिकल सेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), संधिवात, अपस्मार (फिट येण्याचा आजार), मधुमेह किंवा अशाच एखाद्या आजारामुळे ज्याला महिनोन्‌महिने नियमित शाळेत जाता येत नाही, त्याच्या पालकांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी हे टप्पे आहेत. पहिल्या तासिकेआधीच्या तयारीला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि ते द्यावेत.

टप्पा १: डॉक्टरांकडून दाखल्याबरोबर उत्तरेही घ्या

शाळेला लागतो म्हणून डॉक्टरांकडून दाखला घेतला जातो आणि त्यात आजाराचे नाव व ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढेच लिहिलेले असते. या कागदावरून शिक्षकाला काहीही ठरवता येत नाही. आजाराचे नाव कळल्याने तासिका किती मिनिटांची असावी हे कळत नाही. मुलाला काय जमते, काय जमत नाही आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी, हे लिहिलेले असले तरच त्याचा उपयोग होतो. म्हणून भेटीला जाताना प्रश्न लिहून न्यावेत: मूल सलग किती वेळ बसू शकेल, उपचारांच्या चक्रात कोणते दिवस सर्वांत वाईट जातात, औषधांमुळे लक्ष, झोप, दृष्टी किंवा हाताची पकड यांवर परिणाम होतो का, पडद्याबाबत काही बंधन आहे का, आणि तासिका चालू असताना कोणते लक्षण दिसताच ती ताबडतोब थांबवावी.

आजारागणिक या उत्तरांत किती फरक पडतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कर्करोगावरील अनेक केमो औषधांनंतर रक्तपेशींची संख्या साधारण ७ ते १४ दिवसांनी सर्वांत खाली जाते, त्यामुळे उपचार होऊन आठवडा गेला म्हणजे मूल सावरले असे गृहीत धरता येत नाही. व्हिन्क्रिस्टीनसारख्या औषधाने बोटांतील नसांवर परिणाम होऊन लिहिणे अवघड होते. अक्षर बिघडले ते आळसाने, असा समज अशा वेळी सहज होतो. स्टिरॉइडच्या दिवसांत झोप आणि मनःस्थिती दोन्ही बिघडतात. हिमोडायलिसिस, म्हणजे मूत्रपिंडांऐवजी यंत्राने रक्त शुद्ध करणे, बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी तीन-चार तास चालते आणि त्यानंतरचे काही तास अभ्यासाच्या उपयोगाचे नसतात. लहान मुलांच्या संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असल्याने पहिली तासिका ही चुकीचीच निवड ठरते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की आधी उपचार करावे लागतात, आणि साखर पूर्ववत झाली तरी विचारांचा वेग लगेच परत येत नाही. त्यामुळे ‘आता बरा आहेस ना, मग सोडव गणित’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

अपस्माराविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. त्याच्या एका प्रकारात मूल काही सेकंद, बहुधा २० सेकंदांहून कमी, एकटक पाहत राहते आणि मग काहीच झाले नसल्यासारखे पुढे चालू लागते. वर्गात हे लक्ष नसल्यासारखे दिसते. पडद्यावर तर शिक्षकाला वाटते की नेट अडकले. शिक्षकाला हे आधीच सांगितलेले असले पाहिजे, म्हणजे तेवढा भाग तो पुन्हा सांगेल आणि वेळेची नोंदही करील. अपस्मार असलेल्या थोड्याच मुलांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा त्रास होतो, परंतु आपले मूल त्यांपैकी आहे का, हे विचारूनच व्हिडिओ आणि खेळवजा ॲप यांना परवानगी द्यावी.

> तपासणी: डॉक्टरांच्या पत्रात मिनिटे, वेळा, थांबण्याची लक्षणे आणि पुढील फेरतपासणीची तारीख, या चार गोष्टी आहेत का? नसतील तर पत्र पुन्हा मागून घ्यावे. आजाराचे नाव शाळेला कळू द्यायचे की नाही, हे पालक आणि मूल यांनी ठरवावे. पत्र नावाशिवायही उपयोगी पडते.

टप्पा २: ताकदीची नोंद ठेवा

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो आणि पुढचे बहुतेक बिघाड त्यामुळेच होतात. शाळा सुरू करण्यापूर्वी किमान दोन आठवडे मुलाच्या दिवसाची नोंद ठेवावी. उपचार ठराविक चक्राने चालत असतील तर एक पूर्ण चक्र नोंदीत आले पाहिजे. तीन आठवड्यांचे चक्र असेल तर नोंदही तीन आठवड्यांची असावी.

साधी वही पुरते. प्रत्येक कामाची वेळ, ते किती मिनिटे चालले आणि आधीचा व नंतरचा थकवा ० ते १० या पट्टीवर लिहावा. आकडा मुलाने सांगावा. अगदी लहान मूल असेल तर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून विचारावे. एका दिवसाची नोंद साधारण अशी दिसेल: ‘९.१०, तोंडी गणिते, २० मिनिटे, थकवा ३ वरून ५. १०.३०, आंघोळ, ५ वरून ७. १२.१५ ते २, झोप. ३.००, गोष्टीचे पुस्तक, १५ मिनिटे, ४ वर कायम. ५.४०, मावसभावाशी फोन, ४ वरून ३.’ या पाच ओळींतून बरेच काही हाती लागते. या मुलाला आंघोळ गणिताइतकीच थकवते, वाचन थकवत नाही आणि गप्पांनी उलट हुशारी येते. ज्याला आपण ‘काहीच केले नाही’ असा दिवस म्हणतो, त्यात आंघोळ, रक्त तपासणी आणि रुग्णालयापर्यंतचा प्रवास असतो. हे सर्व त्याच ताकदीतून खर्च होते.

थकवा नेहमी त्याच दिवशी दिसत नाही. दीर्घ थकव्याच्या काही आजारांत, विशेषतः एमई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात, श्रमांनंतरची घसरण १२ ते ४८ तासांनी जाणवते. मंगळवारी मूल उत्साहाने तीन तासिका बसते आणि गुरुवारी अंथरुणातून उठत नाही. नोंद नसेल तर गुरुवारचा संबंध मंगळवारशी कोणी जोडत नाही.

नोंद पूर्ण झाल्यावर मध्यम दिवस कोणते, ते पाहावे. सर्वांत चांगला दिवस बाजूला ठेवावा आणि सर्वांत वाईटही. मध्यम दिवशी मुलाने थकवा फारसा न वाढता जितकी मिनिटे बौद्धिक काम केले, त्यातून साधारण चौथा हिस्सा वजा करावा. उरते ती सुरुवातीची मर्यादा. ती दिवसाला चाळीस मिनिटे निघाली तरी घाबरू नये. एकास एक शिकवलेली चाळीस मिनिटे म्हणजे थोडे काम नव्हे, कारण भरल्या वर्गातील तासिकेचा बराच वेळ हजेरी, वह्या आणि गडबड आवरण्यातच जातो.

> सावधान: चांगल्या दिवशी ‘आज बरे वाटतेय तर उरकून टाकू’ हा मोह टाळावा. चांगल्या दिवशी दुप्पट अभ्यास आणि पुढचे तीन दिवस शून्य, असे चक्र एकदा सुरू झाले की मूल अभ्यासालाच घाबरू लागते.

टप्पा ३: शाळेशी लेखी ठरवा

आता शाळेशी बोलावे, त्याआधी नको. कारण आता तुमच्या हातात पत्र आहे, आकडे आहेत आणि मागणी नेमकी आहे. तोंडी आश्वासन मनापासून दिलेले असले तरी वर्गशिक्षक बदलताच ते हवेत विरते. म्हणून भेट घ्यावी, चर्चा करावी आणि जे ठरले ते त्याच दिवशी लेखी पाठवावे.

पत्र लांबलचक नसावे. नमुना असा: ‘उपचारांमुळे माझ्या मुलीला पुढील सहा महिने नियमित शाळेत येता येणार नाही. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. तिला आठवड्यातून चार दिवस, दिवसाला एक तासिका थेट बसता येईल. उरलेला भाग ती टिपणे किंवा रेकॉर्डिंगवरून करील. गणित आणि भाषा या तासिका सकाळी अकरानंतर मिळाव्यात, कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा असावी आणि गृहपाठाला मुदतीचे बंधन नसावे, अशी विनंती आहे. आमच्याशी संपर्कासाठी एका शिक्षकांचे नाव कळवावे. दर सहा आठवड्यांनी या व्यवस्थेचा आढावा घ्यावा.’ विनंतीला आधार हवा असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या कराराचा उल्लेख करता येतो. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षणात व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोयी देण्याची बांधिलकी आहे, आणि दीर्घकालीन शारीरिक व्याधीमुळे ज्यांच्या सहभागात अडथळे येतात त्यांचाही या करारात समावेश आहे. सुरुवातच कलमांनी करू नये, एवढे मात्र सुचवतो. बहुतेक शिक्षकांना मदत करायची असते, काय करायचे हे त्यांना माहीत नसते.

पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय बोलणी संपली असे समजू नये.

१. नाव पटावर कायम राहील का, आणि ऑनलाइन बसलेली तासिका हजेरीत कशी धरली जाईल?
२. थेट तासिकेला बसता आले नाही आणि रेकॉर्डिंग पाहिले, तर ते हजेरीत धरले जाईल का?
३. वर्षाअखेरीचे मूल्यमापन कशावरून होईल, आणि परीक्षेतील सवलतींचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा?
४. वर्गाचे चित्रीकरण करण्यास शाळेची आणि इतर पालकांची संमती आहे का?
५. संपर्क शिक्षक रजेवर असतील तेव्हा कोणाला कळवायचे?

पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले तर नुकसान मोठे होते. मूल वर्षभर नेमाने ऑनलाइन बसते, परंतु नोंदवहीत गैरहजर दिसते आणि ही गोष्ट परीक्षेचा अर्ज भरताना उघडकीस येते. शिकणे आणि हजेरी ही दोन वेगळी खाती आहेत. एकात जमा झाले म्हणजे दुसऱ्यात आपोआप जमा होत नाही.

घाईने करू नये अशी आणखी एक गोष्ट म्हणजे शाळेतून नाव काढून खासगी ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घेणे. त्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र पुढील इयत्तेच्या प्रवेशाला चालते का, आणि बरे झाल्यावर मुलाला जुन्या वर्गात परत घेतले जाईल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे संबंधित शिक्षण मंडळाकडून आल्याशिवाय नाव काढू नये. ज्या मुलाचे उपचार कित्येक वर्षे चालणार आहेत, त्याच्यासाठी मुक्त विद्यालयासारखा मार्ग योग्य ठरू शकतो; सहा-आठ महिन्यांच्या खंडासाठी तो बहुधा योग्य ठरत नाही.

टप्पा ४: अभ्यासक्रम छाटून घ्या

मिळालेल्या मिनिटांत सगळे विषय बसणार नाहीत, हे आधीच मान्य करावे. संपर्क शिक्षकांसोबत बसून धड्यांची तीन भागांत विभागणी करावी: ज्यांच्यावाचून पुढचे कळणारच नाही ते पायाचे घटक, पुढे सुट्टीत भरून काढता येतील ते, आणि या वर्षी सोडले तरी चालतील ते. अपूर्णांक न येता बीजगणित येत नाही, म्हणून अपूर्णांक पहिल्या भागात. एखाद्या राजवटीचा तपशील दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागात. ही विभागणी विषयशिक्षकाने करावी. पालकांना सगळेच महत्त्वाचे वाटते, आणि मुलाला, स्वाभाविकपणे, काहीच नाही.

मात्र छाटताना मुलाचा आवडीचा एक विषय, तो चित्रकला असो की संगीत, पहिल्या भागात ठेवावा. सगळी ताकद नावडत्या विषयांवर खर्च झाली की मूल आठवड्याभरात पोटदुखीचे कारण सांगू लागते, आणि आजारी मुलाच्या बाबतीत ते कारण खरे की खोटे हे कोणालाच सांगता येत नाही.

टप्पा ५: साधने आणि जागा

येथे फार वेळ घालवू नये. घरचा कॅमेरा भारी असण्यापेक्षा वर्गातील मायक्रोफोन चांगला असणे अधिक महत्त्वाचे आहे. फळ्याकडे वळून बोलणाऱ्या शिक्षकाचा आवाज खोलीच्या टोकाला ठेवलेल्या लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही, म्हणून शक्य असेल तर कॉलरला लावण्याचा छोटा माइक शिक्षकाला द्यावा. फळ्यावर खिडकीचा उजेड चमकत नाही ना, हे वर्गात जाऊन नव्हे, घरच्या पडद्यावर पाहून तपासावे. चित्रासह एका तासाच्या वर्गाला साधारण १ जीबी किंवा अधिक डेटा लागू शकतो. केवळ आवाजाला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. नेट कमकुवत असेल तेव्हा चित्र बंद करून आवाज चालू ठेवावा आणि फळ्याचा फोटो वेगळा मागवावा.

अंथरुणातून शिकणाऱ्या मुलाला टॅब हातात धरायला लावू नये. पलंगाला लावता येणारा स्टँड घ्यावा आणि पाठीला आधार देऊन मान ताठ राहील असे बसवावे. सलाइनची सुई लावताना ‘तो कोणत्या हाताने लिहितो’ हे परिचारिकेला आधीच सांगावे. एवढ्या एका वाक्याने आठवडाभराचे लिखाण वाचते. केमोनंतर डोक्याची त्वचा हुळहुळी झालेली असते, त्यामुळे डोक्यावरून जाणाऱ्या हेडफोनपेक्षा साधे इयरफोन बरे. संसर्गाचा धोका असलेल्या मुलाचा टॅब शक्यतो इतरांनी हाताळू नये, आणि तो बंद करून, उत्पादकाची मनाई नसल्यास, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर पुसण्याने पुसावा. द्रव थेट पडद्यावर फवारू नये.

> तपासणी: कॅमेऱ्याच्या चौकटीत औषधांचे स्टँड, तपासणीचे कागद किंवा रुग्णालयातील दुसरा रुग्ण दिसतो का, हे पाहावे. त्यानंतर संपर्क शिक्षकांसोबत दहा मिनिटांची रंगीत तालीम करावी. पहिल्या खऱ्या तासिकेची वीस मिनिटे ‘आवाज येतोय का?’ यात जाऊ नयेत.

टप्पा ६: तीन प्रकारच्या दिवसांचे वेळापत्रक

एकच वेळापत्रक केले की ते पहिल्याच वाईट दिवशी मोडते, आणि मोडलेले वेळापत्रक पुन्हा सुरू करणे नवे करण्याहून कठीण जाते. म्हणून तीन वेळापत्रके आधीच तयार ठेवावीत. हिरव्या दिवशी थेट तासिका आणि थोडा स्वाध्याय. पिवळ्या दिवशी थेट काहीही नाही, फक्त रेकॉर्डिंगचा एक भाग किंवा कोणीतरी वाचून दाखवलेला धडा. लाल दिवशी अभ्यास नाही, आणि त्याबद्दल चकार शब्दही नाही. दिवसाचा रंग सकाळी मुलाने आणि पालकाने मिळून ठरवावा आणि संपर्क शिक्षकांना एका शब्दाचा संदेश पाठवावा: ‘पिवळा.’ कारणे लिहीत बसावी लागू नयेत, हेच या पद्धतीचे खरे सुख.

थेट तासिकेसाठी असे विषय निवडावेत, ज्यांत प्रश्नोत्तरे आणि चर्चा होते. शिक्षक सलग सांगत जातात असा भाग रेकॉर्डिंगवर ठेवावा, कारण तो थांबवून, दोनदा ऐकून, अर्धा आज अर्धा उद्या पाहता येतो. तासिका २० ते २५ मिनिटांच्या तुकड्यांत घ्यावी. दर २० मिनिटांनी साधारण २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहिल्याने डोळ्यांना आराम मिळतो. विश्रांती तासिकेनंतर तर हवीच, परंतु आधीची अर्ध्या तासाची विश्रांती अधिक कामाची. आंघोळ, ड्रेसिंग किंवा रक्त तपासणी तासिकेच्या लगेच आधी ठेवू नये.

पहिला आठवडा मर्यादेच्या निम्म्यावर चालवावा. दोन आठवडे थकव्याचे आकडे स्थिर राहिले तरच पाच-दहा मिनिटे वाढवावीत. आकडे चढू लागले तर वाट न पाहता मागच्या पायरीवर यावे.

टप्पा ७: तासिका चालू असताना

पहिल्या दिवसापूर्वी शिक्षकांना एका पानाच्या सूचना द्याव्यात. फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने वाचावे. वर्गातील मुलाने विचारलेला प्रश्न उत्तर देण्यापूर्वी पुन्हा उच्चारावा, कारण मागच्या बाकावरचा आवाज घरी पोहोचत नाही. ऑनलाइन मुलाला नाव घेऊन प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी दहा सेकंद थांबावे. आवाज पोहोचण्यातला उशीर आणि औषधांमुळे मंदावलेला प्रतिसाद या दोन्हींची त्यात सोय होते. ‘आता कसा आहेस?’ हा प्रश्न संपूर्ण वर्गासमोर विचारू नये.

मुलाला न विचारता बाहेर पडण्याचा हक्क असावा. त्यासाठी एक खूण ठरवावी, उदाहरणार्थ स्क्रीनवर लाल कार्ड धरणे, आणि त्यावर शिक्षकांनी फक्त मान हलवावी. पालकांनी खोलीच्या बाहेर, परंतु हाकेच्या अंतरावर असावे. शेजारी बसून उत्तरे पुरवणारे पालक मुलाला मदत करत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात मुलाला किती समजले आहे हे शिक्षकाला कळेनासे होते आणि मूलही हळूहळू बोलायचे थांबते.

> सावधान: मूल पडद्यावर कोसळले, त्याला झटका आला किंवा ते प्रतिसाद देईनासे झाले, तर दूरवरच्या शिक्षकाने काय करायचे? घरातील दोन व्यक्तींचे फोन क्रमांक, मूल त्या वेळी जेथे आहे त्या ठिकाणाचा पत्ता आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली आपत्कालीन सूचना शिक्षकांकडे कागदावर असली पाहिजे. कोणी मोठे माणूस घरात नसताना थेट तासिका घेऊ नये.

टप्पा ८: राहिलेला अभ्यास

लाल दिवस येणारच, आणि अभ्यास साचणारच. नेहमीची चूक अशी की साचलेला अभ्यास पुढच्या हिरव्या दिवसावर लादला जातो. मग तो दिवसही पिवळा होतो. एक नियम करावा: आठवड्याहून जुना स्वाध्याय रद्द. पायाचा घटक राहिला असेल तर फक्त तोच, तोही नव्या अभ्यासाच्या जागी घ्यावा, त्यात भर म्हणून नव्हे. दहा उदाहरणांऐवजी तीन सोडवली आणि तिन्ही बरोबर आली, तर घटक आला असे शिक्षकांनी मानावे. वह्या उतरवून काढणे पूर्णपणे बंद करावे; वर्गमित्राच्या वहीचा फोटो ते काम करतो.

टप्पा ९: परीक्षा

परीक्षेतील सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत आणि उशिरा मागितल्या तरी मिळत नाहीत. वाढीव वेळ, मध्ये विश्रांती, लेखनिक, तोंडी उत्तरे, औषध व पाणी जवळ ठेवण्याची परवानगी, स्वतंत्र खोली, यांपैकी काय लागेल हे पहिल्या टप्प्यातील डॉक्टरांच्या पत्रावरून ठरवावे आणि वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्यावा. परीक्षेच्या तारखा कळताच त्या उपचारांच्या तारखांशेजारी मांडून पाहाव्यात. उपचार एक-दोन दिवस मागेपुढे करता येतील का, हे डॉक्टरच सांगू शकतात, पालकांनी ते स्वतः ठरवू नये. लेखनिक मिळणार असेल तर त्याच्यासोबत आधी सराव करावा लागतो. मनातली आकडेमोड दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते परीक्षेच्या दिवशी येत नाही.

टप्पा १०: वर्गमित्र

अभ्यास ठीक चालला आहे आणि तरीही मूल खंतावलेले आहे, असे दिसले तर बहुधा मधली सुट्टी हरवलेली असते. आठवड्यातून दोनदा, तासिका संपल्यावर दहा मिनिटे दोन-तीन मित्रांसाठी लिंक चालू ठेवावी आणि मोठ्यांनी तेथून निघून जावे. वर्गाला काय सांगायचे, ती वाक्ये मुलाकडून मंजूर करून घ्यावीत. काही मुलांना केस गेल्यामुळे किंवा स्टिरॉइडने चेहरा सुजल्यामुळे पडद्यावर यायचे नसते. नॉर्वेतील नो आयसोलेशन या कंपनीने बनवलेला एव्ही१ नावाचा छोटा रोबोट याच गोष्टीचा विचार करतो: तो वर्गात बाकावर बसतो, मुलाला वर्ग दिसतो व ऐकू येतो, मुलाचा आवाज वर्गात पोहोचतो, परंतु त्याचा चेहरा दाखवला जात नाही. असे यंत्र नसले तरी कॅमेरा बंद ठेवून आणि मुलाने काढलेले एखादे चित्र नावाजवळ लावून तोच हेतू बराचसा साधता येतो.

टप्पा ११: आढावा आणि शाळेत परतणे

दर सहा आठवड्यांनी पालक, संपर्क शिक्षक आणि शक्य असेल तर मूल यांनी अर्धा तास बसावे. थकव्याची वही समोर ठेवून किती हिरवे, पिवळे, लाल दिवस गेले ते पाहावे. लाल दिवस वाढत असतील तर मिनिटे कमी करावीत आणि ते डॉक्टरांनाही दाखवावे, कारण आजार किंवा औषध बदलल्याची ती पहिली खूण असू शकते. शिकण्याचा वेग अचानक मंदावला तर तेही डॉक्टरांना सांगावे. सिकल सेलमध्ये मेंदूला बाहेरून न दिसणारी इजा होऊ शकते. मेंदूवर किरणोपचार झालेल्या मुलांत लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांवरील परिणाम काही वर्षांनंतरही दिसू लागतात, म्हणून अशा मुलांची मानसशास्त्रीय चाचणी ठराविक अंतराने करून घ्यावी.

डॉक्टरांनी परवानगी दिली की परतण्याची सुरुवात पूर्ण दिवसाने करू नये. आधी मधल्या सुट्टीसह एक तासिका, मग दोन, मग एकाआड एक दिवस, आणि प्रत्येक पायरीवर थकव्याची नोंद. प्रवास, जिने आणि दप्तराचे ओझे यांचा हिशेब पहिल्याच आठवड्यात चुकतो. पुस्तकांचा एक संच वर्गातच ठेवावा. ऑनलाइन व्यवस्था लगेच मोडू नये. मूल परतल्यानंतरही निदान एक सत्र लिंक, संपर्क शिक्षक आणि तीन रंगांची पद्धत चालू राहील, असे शेवटच्या आढाव्याच्या टिपणात लिहून घ्यावे.